व्हाइस सिटीची पुळण आणि माड: जुन्या गेमवर नवी टेक्स्चर चढवतानाच्या नोंदी

१ जून २०२५, देवगड

ग्रँड थेफ्ट ऑटो मालिकेतला व्हाइस सिटी हा गेम पीसीवर आला २००३ साली. त्यातली टेक्स्चर, म्हणजे भिंती, रस्ते, झाडं आणि वाळू यांच्या मॉडेलवर चढवलेली चित्रं, बहुतेक १२८ किंवा २५६ पिक्सेलची आहेत. सायबर कॅफेतल्या पंधरा इंची मॉनिटरवर ती खपून जायची. आजच्या स्क्रीनवर तोच किनारा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत दिसतो आणि माडाच्या झावळांचे चौकोनी कोपरे मोजता येतात.

सगळं शहर बदलायचं नाही. ओशन बीचचा पट्टा तेवढा घेतलाय: ओशन व्ह्यू हॉटेल, त्याच्या समोरचा रस्ता, पलीकडची पुळण, माड आणि आजूबाजूच्या पाट्या. गेम सुरू झाल्यावर खेळणारा सगळ्यात आधी हेच बघतो. इथं जमलं तर पुढचं पुढे.

यंदा पाऊस मे महिन्यातच उतरला. लग्नपत्रिकांचा हंगाम संपलाय, माझ्या डीटीपीच्या दुकानात दुपारी कोणी फिरकत नाही. गणपतीला कॉलेजातले पुतणे मुंबईहून येतील, तोवर हे उभं करायचं आहे. मशीन साधंच: आय-थ्री लॅपटॉप, ८ जीबी रॅम, ऑनबोर्ड ग्राफिक्स, विंडोज १०. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, १,८०० रुपये गेले. याहून भारी मशीन असेल तर खालच्या काही अडचणी तुम्हाला येणारच नाहीत. पण आपल्याकडे बहुतेकांचं मशीन असंच असतं, म्हणून लिहून ठेवते.

४ जून

आज टेक्स्चरला हातही लावला नाही, आणि तुम्हीही पहिल्या दिवशी लावू नका.

आधी गेमच्या अख्ख्या फोल्डरची कॉपी काढली. मूळ फोल्डर तसाच ठेवायचा, काम सगळं कॉपीत करायचं. मग क्रमाने बसवलं: एएसआय लोडर (बाकीचे पॅच गेममध्ये चढवणारी फाइल), सायलेंटपॅच, वाइडस्क्रीनचा पॅच, मॉडलोडर (मूळ फाइली न बदलता नव्या वापरू देणारा), शेवटी स्कायजीएफएक्स. प्रत्येकानंतर गेम एकदा चालू करून बघायचा. सगळं एकदम टाकलं आणि गेम बंद पडला तर कुणामुळे पडला ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

सायलेंटपॅच जुन्या गेममधल्या चुका दुरुस्त करतो. वाइडस्क्रीनच्या पॅचमुळे रुंद स्क्रीनवर चित्र ताणलेलं दिसत नाही. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरचे जे इफेक्ट पीसीच्या आवृत्तीत नाहीत, त्यातले बरेच स्कायजीएफएक्स पीसीवर आणतो. झाडांसाठी त्याचं एक सेटिंग फार महत्त्वाचं आहे, ते जुलैच्या नोंदीत येईल.

डिस्प्लेच्या मेनूत ट्रेल्स बंद केलं. ते चालू असताना सगळ्या चित्रावर धुरकट थर चढतो. तो तसाच ठेवून टेक्स्चर बदलत बसलात तर काहीच फरक दिसणार नाही. फ्रेम लिमिटर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दाखवायच्या यावरची मर्यादा, मात्र चालूच ठेवा. तो काढला की चित्र सरकतं छान, पण गाड्यांचं वागणं बिघडतं.

एवढ्यावरच किनारा निम्मा सुधारला. कुणाला यापुढे जायचं नसेल तर इथं थांबलं तरी चालेल.

तपासणीसाठी ओशन व्ह्यू हॉटेलमध्ये गेम सेव्ह केला. तिथून बाहेर पडलं की दर वेळी उभं राहायची जागा तीच, समोर रस्ता आणि माड तेच. त्या जागेवरून मूळ गेमचे स्क्रीनशॉट काढून वेगळ्या फोल्डरात ठेवले. पुढचं सगळं काम या चित्रांशी ताडून बघायचं आहे.

८ जून

चाहत्यांनी केलेला अख्ख्या शहराच्या नव्या टेक्स्चरचा एक मोठा पॅक उतरवला. उतरवायलाच तीन रात्री लागल्या. मोबाइलचा रोजचा डेटा संपला की टॉपअप मारायचा, मग वारा सुटतो, लाइट जाते, टॉवर बसतो आणि डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून. अर्धवट राहिलेलं पुढे चालू ठेवणारा डाउनलोड मॅनेजर आधीच टाकून घ्या.

पॅक मॉडलोडरच्या फोल्डरात ठेवला. मॉडलोडरची सोय अशी की मूळ आयएमजी फाइल, म्हणजे गेमच्या फाइलींचा एकत्र गठ्ठा, उघडावी लागत नाही. आपली टीएक्सडी फाइल, म्हणजे टेक्स्चरचा संच, त्याच नावाने ठेवली की गेम मूळच्या जागी ती उचलतो, नको झाली की फोल्डर हलवायचा.

हॉटेलच्या दारात सगळं झकास दिसलं. गाडी घेऊन उत्तरेकडे निघाल्यावर रस्ता वेळेवर उतरेना, म्हणजे लोड होईना. लांबून दिसणारं ढोबळ मॉडेलच समोर राहायचं, जवळ गेल्यावरही भिंती कोऱ्या. आणखी थोडं पुढे गेल्यावर गेम बंद. तीच वाट पुन्हा पकडली तर पुन्हा तिथंच बंद.

११ जून

कारण सापडलं. मॅजिक टीएक्सडी या टीएक्सडी उघडायच्या प्रोग्रॅममध्ये पॅकच्या फाइली एकेक उघडून बघितल्या. जिथे मूळ चित्र २५६ चं, तिथे २०४८ चं बसवलेलं, आणि तेही कॉम्प्रेस न करता.

हिशेब इथं मांडते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. १०२४ बाय १०२४ चं चित्र कॉम्प्रेस न करता ठेवलं तर ४ एमबी. तेच डीएक्सटी-१ या कॉम्प्रेशनच्या पद्धतीत अर्धा एमबी, डीएक्सटी-३ किंवा ५ मध्ये १ एमबी. मिपमॅप, म्हणजे लांबून बघण्यासाठीच्या लहान-लहान प्रती, घेतल्या की वर आणखी एक तृतीयांश. २०४८ चं कॉम्प्रेस न केलेलं एक चित्र १६ एमबीचं होतं. मूळचं २५६ चं डीएक्सटी-१ चित्र ३२ केबीचं. म्हणजे एका चित्राच्या जागी पाचशे चित्रांचं ओझं. गेम जुना, ३२ बिटचा. चालता चालता शहराचे तुकडे आत घ्यायचे आणि मागचे सोडायचे ही त्याची पद्धत त्या काळच्या रॅमच्या हिशेबाने बांधलेली आहे. एवढं ओझं ती पेलत नाही.

ठरवलेलं माप असं: जमीन, रस्ता आणि वाळू १०२४, डीएक्सटी-१. पारदर्शक भाग असलेली झाडं ५१२, डीएक्सटी-३ किंवा ५. ज्या भिंतीजवळ माणूस कधी उभा राहत नाही त्या मूळच्याच. चित्राचं माप २ च्या घातात हवं म्हणजे २५६, ५१२, १०२४ असंच. ७०० चं चित्र चालत नाही.

पॅकमधल्या माझ्या पट्ट्याच्या फाइली निवडल्या आणि मॅजिक टीएक्सडीतून एकगठ्ठा लहान करून पुन्हा साठवल्या. बाकीचा पॅक काढून टाकला. आता उत्तरेपर्यंत गाडी जाते, रस्ता वेळेवर उतरतो.

एक लक्षात ठेवा: मॉडलोडर अख्खी टीएक्सडी बदलतो, तिच्यातलं एखादंच चित्र नाही. दोन मॉडमध्ये एकाच नावाची टीएक्सडी असेल तर त्यातली एकच चालणार. दोन्हीतली चांगली चित्रं हवी असतील तर ती एका टीएक्सडीत आपणच गोळा करायची.

१५ जून

पॅकमध्ये पाट्या चांगल्या नव्हत्या, म्हणून मूळ पाट्या एआयने मोठ्या करून बघितल्या. अपस्केल हा फुकटचा प्रोग्रॅम रिअल-ईएसआरगॅन जातीची, चित्र मोठं करणारी एआय मॉडेल वापरतो. ऑनबोर्ड ग्राफिक्सवर एकेक चित्राला बराच वेळ लागतो, म्हणून रात्री रांग लावून झोपायचं.

विटा, प्लास्टर आणि फरशा यांना त्याने बरं रूप दिलं. अक्षरांची मात्र वाट लागली. १२८ पिक्सेलच्या पाटीत लहान अक्षर तीन-चार पिक्सेलचं असतं. तिथे मूळ अक्षर काय होतं हे यंत्राला कळण्याचा मार्गच नाही, ते आपल्या अंदाजाने वळणं काढतं आणि लांबून अक्षर वाटणारी पण जवळून कुठल्याच लिपीत न बसणारी नक्षी तयार होते. २०२१ साली या मालिकेतल्या तीन गेमची अधिकृत नवी आवृत्ती आली, तेव्हाही पाट्यांवरच्या चुकलेल्या अक्षरांचे स्क्रीनशॉट जगभर फिरले होते.

पाट्या माझ्या रोजच्या धंद्यातल्या, त्यामुळे त्या हाताने पुन्हा रचल्या. मूळ पाटी मोठी करून तळाच्या थरात ठेवायची, तिच्यावर जुळत्या वळणाचा फाँट बसवायचा, अक्षरांमधलं अंतर मूळच्यावर तंतोतंत जुळवायचं आणि मग तळाचा थर काढून टाकायचा. एका पाटीला पाऊण तास धरा. जिच्याजवळून खेळणारा चालत जातो तेवढीच पाटी करा. दुसऱ्या मजल्यावरची पाटी मोठी करून कुणालाही फरक कळला नाही.

२२ जून

आता पुळण. पॅकमधली वाळू वाळवंटातली होती: लाल झाक, वाऱ्याने पडलेल्या रेघा. समुद्राकाठची वाळू अशी नसते. आमच्या दारात पुळण असताना फोटो दुसरीकडून का आणायचा?

टेक्स्चरचा फोटो ढगाळ उजेडात काढावा, म्हणजे सावल्या पडत नाहीत. पावसाळ्यात तो उजेड दिवसभर असतो. अडचण वेगळी आहे: वाळू ओली. ओली वाळू काळपट आणि चकाकणारी येते. शिवाय या दिवसांत लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड काळी वाळू वर राहते, तिचे पट्टे पडतात. फोटोत तो पट्टा आला की टेक्स्चर जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा तो दिसणार.

वरची पांढरी वाळू घमेल्यातून घरी आणली, पडवीत ताडपत्रीवर पसरून पंख्याखाली वाळवली आणि पागोळ्यांच्या आत, दिवसाच्या उजेडात वरून फोटो काढला. फोटो सुरेख आला. एकेक कण, शिंपल्यांचे चुरे, सगळं दिसत होतं.

गेममध्ये घातल्यावर तीच वाळू खडीसारखी दिसली. टेक्स्चरचं एक चित्र गेममधली कित्येक मीटर जमीन झाकतं आणि माझा फोटो हातभर जागेचा. हातभर वाळू कित्येक मीटरवर ताणली की प्रत्येक कण बोराएवढा होतो. फोटो काढण्याआधी बघायला हवं ते हे: आपलं चित्र गेममध्ये किती जागा व्यापणार? गेममधल्या माणसाची उंची हे सोपं माप आहे.

२४ जून

यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते. होड्या वर ओढून झापांच्या खोपीत ठेवलेल्या आहेत. त्या खोपीत वाळू कोरडी राहते, आणि तिला माणसांच्या वावराने आलेले बारीक चढउतार असतात, जे घमेल्यातल्या वाळूला नव्हते. होडीवाल्यांना विचारून, शिडीवरून, खोपीच्या उघड्या तोंडाशी जेवढी जागा मावेल तेवढीचे फोटो काढले आणि जोडून एक चौकोन केला.

मग नेहमीची कसरत. जिम्प या चित्रं सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये ऑफसेटने चित्र आडवं-उभं अर्ध्याने सरकवायचं, म्हणजे कडा मधोमध येतात आणि जोड दिसतो. क्लोनच्या ब्रशने जोड बुजवायचा. नंतर चित्राच्या एका बाजूला उजेड जास्त असेल तर तो हाय-पास फिल्टरने काढायचा. ही पायरी बरेच जण गाळतात. जोड बुजला तरी उजेडाचा चढउतार राहिला की लांबून सगळ्या किनाऱ्यावर फरशा बसवल्यासारखा चौकट्यांचा नमुना उमटतो.

उठून दिसणारी प्रत्येक गोष्ट काढून टाकली: मोठा शिंपला, कुर्लीचं बीळ, सुरूची काडी. एकट्या चित्रात त्या छान वाटतात. शंभर वेळा लागल्यावर डोळा तेवढंच बघतो.

२९ जून

वाळू बसली, पण किनाऱ्यावर मधेच जुन्या वाळूचा तुकडा. आणि लांबून बघितलं तर किनारा पिवळट, जवळ गेलं की अचानक पांढरा.

पहिल्याचं कारण: एकच चित्र वेगवेगळ्या टीएक्सडींमध्ये परत परत ठेवलेलं असतं. जमिनीचा हा तुकडा एका टीएक्सडीतून वाळू घेतो, शेजारचा दुसरीतून. कुठला तुकडा कुठून घेतो हे शोधायला एक युक्ती चांगली चालली. ज्या ज्या टीएक्सडीवर संशय, तिच्यातल्या वाळूच्या जागी भडक गुलाबी चित्र टाकायचं आणि त्यावर मोठा आकडा लिहायचा. गेममध्ये शिरून किनाऱ्यावरून चालत जायचं. पायाखाली ३ दिसला तर तिसरी फाइल. कागदावर किनाऱ्याचा कच्चा नकाशा काढून आकडे लिहून ठेवले.

दुसऱ्याचं कारण लॉड, म्हणजे लांबून दाखवायची ढोबळ मॉडेल. त्यांची टेक्स्चर वेगळी, लहान. जवळच्या वाळूचा रंग मी बदलला, लांबच्या वाळूचा तोच राहिला. लॉड जाऊन खरं मॉडेल येतं त्या क्षणी रंग उडी मारतो.

दोन मार्ग होते: सगळी लॉड नव्याने रंगवायची, किंवा माझ्या वाळूचा सरासरी रंग मूळ वाळूइतकाच ठेवायचा. दुसरा घेतला. मूळ चित्र १ बाय १ पिक्सेलचं करायचं, म्हणजे त्याचा सरासरी रंग मिळतो. आपल्या चित्राचंही तसंच करायचं. मग कर्व्हज वापरून आपला रंग मूळच्यावर आणायचा. देवगडच्या वाळूचे कण, व्हाइस सिटीच्या वाळूचा रंग. उडी गेली. फाइलींमधल्या राहिलेल्या तुकड्यांचा जोडही याच उपायाने निम्मा दिसेनासा झाला.

हा उपाय मी आता प्रत्येक टेक्स्चरला लावते. यामागे आणखी एक कारण आहे. या गेममध्ये बराचसा छायाप्रकाश मॉडेलच्या बिंदूंच्या रंगांत आधीच भरलेला आहे आणि टेक्स्चर त्या रंगांशी गुणलं जातं. वरून टाइमसायकलची फाइल तास आणि हवामान बघून सगळ्यावर आपली छटा चढवते. संध्याकाळचं ते गुलाबी-नारिंगी आकाश तिथून येतं. मूळ कलाकारांनी टेक्स्चरचे रंग हा सगळा गुणाकार धरून निवडले होते. सुट्ट्या चित्रात मळकट वाटणारा रंग गेममध्ये बरोबर दिसतो, आणि सुट्ट्या चित्रात सुंदर वाटणारा रंग गेममध्ये ओरडतो.

६ जुलै

माड. ज्यासाठी हे सगळं चाललंय ते आज सुरू.

सासरे, म्हणजे बाबा, मागे उभे राहून स्क्रीन बघत होते. त्यांचा जन्म आगरात गेला. म्हणाले, "काय गो, ह्यो माड दुखण्यातलो दिसता." मूळ टेक्स्चरची झावळ पिवळट-तपकिरी आहे आणि पाती कडेला तुटलेल्या. त्यांचं म्हणणं पटलं, म्हणून हिरवीगार झावळ करायची ठरवली.

गेल्या वाऱ्यात पडलेली एक हिरवी झावळ अंगणात होती. पुरी झावळ पाच मीटरच्या आसपास लांब. एका फोटोत घ्यायची तर कॅमेरा एवढ्या लांब न्यावा लागतो की पाती दिसत नाहीत. बाबांनी कोयत्याने तिचे तीन तुकडे केले. निळ्या ताडपत्रीवर एकेक तुकडा पसरून फोटो काढले आणि नंतर जोडले. निळा रंग झावळीत नसतो, त्यामुळे निवडून कापायला सोपं. आधी पांढऱ्या आकाशावर धरून काढून बघितलं होतं. पातीच्या कडांत पांढरा उजेड शिरतो आणि तो निघता निघत नाही.

जवळून बघितल्यावर कळतं की पाती सपाट नसते. मधोमध हीर, तिच्या दोन्ही बाजू उतरत्या, त्यामुळे एक बाजू उजळ आणि दुसरी गडद. मधल्या पाती लांब आणि खाली लोंबणाऱ्या, शेंड्याकडच्या आखूड. मूळ २५६ च्या चित्रात यातलं काही मावलेलं नाही, सगळ्या पाती एकाच मापाच्या आहेत.

१३ जुलै

झावळ गेममध्ये चढली, पण दांडा एकीकडे आणि पाती दुसरीकडे. मॉडेलचे पत्रे मूळ चित्रातल्या दांड्याच्या रेषेवर वाकवलेले आहेत. दांडा तिथेच हवा. मूळ चित्र मोठं करून तळाला अर्धपारदर्शक ठेवलं आणि जिम्पच्या वॉर्पने माझी झावळ त्याच्या दांड्यावर सरकवली.

तरी पाहिजे तसं दिसेना. दुपारच्या उन्हात माड हिरवागार, संध्याकाळ झाली की चमकतो. बाबांना दाखवलं. म्हणाले, "ह्यो तर प्लास्टिकचो वाटता."

वाळूचं सूत्र इथेही लागू होतं. सरासरी रंग मूळच्या पिवळट-तपकिरीवर आणला, पण सगळ्या पातींवर एकसारखा नाही: शेंडे आणि कडा सुकलेल्या, देठाकडे हिरवं राखलं. खरा माड असाच असतो, खालच्या झावळा पिकत जातात आणि वरच्या कोवळ्या. सरासरी मूळचीच राहिली, झाड मात्र जिवंत झालं. बाबांनी मान डोलावली आणि विचारलं की नारळ कुठे आहेत. मॉडेललाच नाहीत, तिथं मॉडेल बदलावं लागेल आणि ते या कामात नाही.

गेममध्ये ताडकुळातली इतर झाडंही आहेत, उंच गुळगुळीत खोडाची. मायामीत तशी झाडं रस्त्याकडेला लावलेली असतात. त्यांच्यावर माडाची झावळ घालू नका. त्यांची पानं वेगळी आहेत, मूळ चित्र मोठं करून स्वच्छ करणं एवढंच तिथे योग्य.

२० जुलै

पातींच्या कडेने पांढरी रेघ. ही तक्रार झाडांच्या टेक्स्चरवर काम करणाऱ्या प्रत्येकाची असते, म्हणून सविस्तर.

पारदर्शक पिक्सेललाही रंग असतो, फक्त तो दिसत नाही. चित्र लहान-मोठं होताना शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात, तेव्हा हा लपलेला रंग कडेला बाहेर येतो. तो पांढरा असेल तर पांढरी रेघ, काळा असेल तर काळी. उपाय: कापलेल्या झावळीच्या खाली एक थर घेऊन तो अख्खा झावळीच्याच रंगाने भरायचा आणि पारदर्शकता फक्त अल्फा चॅनेलमध्ये, म्हणजे चित्रातल्या पारदर्शकतेच्या वेगळ्या थरात, ठेवायची. जिम्पमधून पीएनजी काढताना पारदर्शक पिक्सेलचे रंग जपायची खूण केलेली हवी. ती नसेल तर जिम्प तुमचा भरलेला रंग टाकून देतो आणि वरची सगळी मेहनत वाया.

दुसरी अडचण: लांबचे माड विरळ दिसतात. मिपमॅप लहान होत जातात तशा बारीक पाती पुसट होतात आणि एका पातळीनंतर गेम त्या दाखवतच नाही. मिपमॅप न घेता साठवलं तर लांबच्या पाती चमचम करतात, ते त्याहून वाईट. मग अल्फाचा मुखवटा सगळीकडे एकेक पिक्सेल जाड केला. जवळून पाती किंचित रुंद वाटतात, लांबचं झाड भरलेलं राहतं.

तिसरं, झावळांमागे दुसरी झावळ असली की मधे आकाशाचा तुकडा दिसायचा. स्कायजीएफएक्सच्या सेटिंगमध्ये ड्युअलपास १ केलं की पारदर्शक गोष्टी दोन फेऱ्यांत रेखाटल्या जातात आणि हे बहुतांशी जातं. वर ज्याचा उल्लेख केला ते सेटिंग हेच.

२७ जुलै

पाणी. ते मॉडेल्सच्या फोल्डरातल्या पार्टिकल डॉट टीएक्सडीत असतं, धूर वगैरेही त्याच फाइलीत. मोठी फोटोची लाट घालून बघितली, समुद्रभर तीच लाट उमटली. मूळ चित्र दुप्पट करून ठेवलं, पुरे.

३ ऑगस्ट

दिवसभर हवामान बदलून तपासणी. गेममध्ये खेळता खेळता चीट, म्हणजे गेम बदलणारे गुप्त शब्द, टाइप करता येतात: पावसासाठी कॅट्सअँडडॉग्ज, धुक्यासाठी कान्टसीअथिंग, ढगांसाठी ॲबिटड्रीग, लख्ख उन्हासाठी अलव्हलीडे. सगळे इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता. घड्याळ पळवायला लाइफइजपासिंगमीबाय. हे वापरल्यावर गेम सेव्ह करू नका, तपासणीची सेव्ह स्वच्छ राहू द्या.

उन्हात सगळं जमलेलं होतं. पावसात रस्ता नापास झाला. पॅकमधल्या डांबराला फोटोतली एक मोठी भेग होती, आणि करड्या उजेडात ती दर काही पावलांवर पुन्हा दिसायची. ती क्लोनने बुजवली. धुक्यात माड झकास दिसतात. पहाटे साडेपाचच्या सुमाराला वाळूला निळी झाक येते, ती मूळ गेममध्येही तशीच आहे हे जुन्या स्क्रीनशॉटवरून ताडून घेतलं आणि तशीच ठेवली.

१७ ऑगस्ट

गठ्ठा बांधला. मॉडलोडरमध्ये चार वेगळे फोल्डर: रस्ता, पुळण, माड, पाट्या. वेगळे ठेवण्याचं कारण हेच की एखाद्याच्या मशीनला जड गेलं तर त्याला रस्ता काढून पुळण ठेवता येईल.

दुसऱ्यांना देताना मी फक्त स्वतः काढलेले फोटो आणि त्यांतून केलेली वाळू आणि झावळ देणार आहे. रस्त्याची चित्रं त्या पॅक करणाऱ्यांची आहेत. त्यांना विचारलंय, होकार आला तर तीही जोडेन. गेमच्या मूळ फाइली कुणालाच द्यायच्या नाहीत, ज्याचा गेम त्याच्याकडे असायला हवा.

खर्च: एसएसडी १,८०० रुपये, डेटा टॉपअपचे साधारण ४००. सॉफ्टवेअर सगळं फुकट. वेळ सगळ्यात जास्त माडाला गेला, त्याखालोखाल किनाऱ्याचे तुकडे शोधायला. आज कुणी नव्याने सुरू करणार असेल तर मी सांगेन की सरासरी रंगाचं काम पहिल्याच चित्रापासून करा. माझी वाळू आणि झावळ दोन्ही त्यापायी दोनदा झाली.

रात्रीच्या उजळलेल्या खिडक्या आणि निऑनच्या पाट्या राहिल्यात. त्यांची टेक्स्चर वेगळी आहेत आणि मला अजून सगळी सापडलेली नाहीत. आता पुढचे दहा दिवस दुकानात आरतीसंग्रह आणि मंडळांच्या पावतीपुस्तकांची छपाई आहे. खिडक्या दिवाळीनंतर घेईन.